जुन्या डोळ्याचा रंग

काकाजींना गाडी लागायची. आयुष्यभर मोटारींच्या आत बसून काम केलेल्या या माणसाला चालत्या मोटारीत दहा मिनिटं बसवत नसे. ही गोष्ट ते लपवत नसत, पण त्यावर कुणी हसलेलं त्यांना खपत नसे. कुणी घरी सोडून देतो म्हणालं तर, "चालती गाडी ड्रायव्हरची असते. माझं काम उभ्या गाडीत," असं सांगून सायकलवर टांग टाकत आणि निघून जात.

महाल भागातल्या एका गल्लीच्या टोकाला त्यांचं टिनाचं शेड होतं. जुन्या मोटारीच्या सीटा, दरवाज्यांची आतली पॅडं, छताचं अस्तर हे सगळं गाडी नवी असताना जसं होतं तसं करून द्यायचं, हा त्यांचा धंदा. शेडवर पाटी नव्हती, हाताखाली माणूस नव्हता. फोन होता, पण तो सायकलच्या पिशवीत आणि सायकल बाहेर. सगळं नागपूर त्यांना काकाजी म्हणे, म्हणजे जुन्या गाड्या बाळगणारं नागपूर, आणि ते काही फार मोठं नाही.

माझा मोटारींशी संबंध एवढाच की बाबांची एक अँबेसेडर होती. मी धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात दृष्टी तपासते. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि भिंगं बदलून "हे बरं की ते बरं" विचारत बसायचं, हे माझं काम. ते आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येतो आणि तो माझ्या फारसा सोयीचा नाही.

काकाजींकडे गाडी नेली की आधी गाडीची नाही, मालकाची परीक्षा होत असे. आम्ही गेलो त्या दिवशी त्यांनी बाबांना आणि मला खाली उतरवलं, स्वतः चपला काढल्या आणि आत जाऊन बसले. आधी पुढे, मग मागे, उजवीकडे, डावीकडे, मध्ये. डोळे मिटलेले, हात मांड्यांवर. फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे. बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले.

"मागं डाव्या बाजूले कोन बसत होतं?" आतून आवाज आला.

"आमची मंडळी," बाबा म्हणाले.

"एका कुशीवर बसत होत्या. कंबर दुखत होती का त्यायची?"

आईची कंबर खरंच दुखायची आणि ती तशीच तिरकी बसायची. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. बाबांनी मान हलवली, पण आतल्या माणसाला ती दिसणार नव्हती, म्हणून घसा साफ करून "हो" म्हणाले. त्या क्षणापासून बाबा काकाजींचे झाले. मी इतक्या लवकर कुणाची होत नाही. दबलेल्या स्प्रिंगवरून एवढं कळायला काही सिद्धी लागत नाही, असं मी परतीच्या वाटेवर म्हणालेसुद्धा.

मग मागची सीट उचलली. नारळाच्या काथ्याच्या थरातून पिठासारखी बारीक राख खाली पडली. काकाजींनी ती बोटांत चोळली. "कोराडीत होते का?" बाबांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली. आमच्या कॉलनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर, खिडकीच्या गजांवर, ताटाखाली राख असायची, गाडीत असणारच. दोघं म्हातारे त्या राखेवर अर्धा तास बोलले. माझी दवाखान्याची वेळ टळून गेली.

त्यांच्या कामाचा खरा गाभा मात्र दरवाज्यात होता. दरवाज्याच्या आतल्या पॅडवर एक चमकती पट्टी असते. ती त्यांनी सुरीच्या टोकाने अलगद उचलली. खाली बोटभर रुंदीचं मूळ रेग्झिन होतं. गाडी कारखान्यातून निघाल्यापासून त्याला ना ऊन लागलं होतं ना हात. "जिथं ऊन नाही पोचत तिथंच गाडी खरं सांगते," ते म्हणाले, आणि चिमटीएवढा तुकडा कापून बिस्किटाच्या डब्यात टाकला. त्या डब्यात असे शेकडो तुकडे होते. मूळ रंग सापडल्याशिवाय ते काम घेत नसत. कितीही मोठा माणूस असो, तुकडा नाही तर काम नाही.

आमचा तुकडा निळसर राखी होता. पावसाळ्यात ढग उघडायच्या आधी आभाळ असतं, तसा फिकट. मी लहानपणापासून त्या गाडीत तपकिरी कव्हरंच पाहिली होती.

"घेतली तेव्हा असाच होता," बाबा तुकड्याकडे बघत म्हणाले. "तुझी माय म्हणे, हा रंग मळते. पंधरा दिवसात कव्हरं चढवले तिनं. मी नीट पाह्यलाच नाही."

बाबांना तो रंग परत पाहायचा होता, इतकी साधी गोष्ट होती. त्यांचं हृदय थकलं होतं आणि डॉक्टर त्याबद्दल फार आशेने बोलायचे थांबले होते. मी गाडी विकायच्या बाजूची होते. बाबांनी माझं ऐकलं नाही, हे बरंच झालं.

काकाजींनी दोन वर्षं लावली. त्या दोन वर्षांत शेडवर खेपा घालून मला त्यांची बरीच शिस्त कळली. उन्हाळ्यात रेग्झिन कापायचं ते सकाळी आठच्या आत. मे महिन्याच्या दुपारी ते ताणतं, आणि मग हिवाळ्यात सीटेवर घट्ट बसून शिवण उसवतं. म्हणून दुपारी ते फक्त जुने टाके उसवत किंवा झोपत. फोमशी त्यांचं वैर होतं. "फोम म्हणजे गिच्चा झालेला भात," असं ते म्हणत. सीटेत काथ्या, वर कापसाचा थर, त्यावर रेग्झिन, आणि पुढच्या कडेला हाताने भरलेली गोल गादी. "ओरिजनलसारखं करून द्या" असं कुणी म्हणालं की त्यांचा चेहरा पडे. "सारखं म्हणजे नाही. एक तर आहे, नाही तर नाही."

एकदा माझ्यासमोर एक बिल्डर आला. त्याला लाल रंगात चौकटीची शिवण हवी होती आणि सीटेच्या पाठीवर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर. काकाजींनी त्याला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि शांतपणे विचारलं, "लग्न कवा आहे?" तो म्हणाला, कुणाचं लग्न? "मग सोफा कायले करून राहिले गा?" बिल्डर निघून गेला आणि काकाजींनी उरलेलं पाणी झाडाला घातलं. मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

शेवटी एका सकाळी निरोप आला, गाडी घेऊन जा.

शेडचं दार उघडं होतं आणि गाडी उजेडात उभी. काम काय होतं ते मी सांगू शकत नाही, मला त्यातलं कळत नाही; पण एकही सुरकुती नव्हती, आणि शिवण डोळ्यांनी मोजावी इतकी सारखी. बाबा दरवाज्याला धरून उभे राहिले आणि मग आत बसले.

"हाच," ते म्हणाले. "अगदी हाच."

"तुकडा लावून पाहा," काकाजी म्हणाले आणि डब्यातला तो चिमटीएवढा तुकडा त्यांनी सीटेवर ठेवला. दोघांनी वाकून बघितलं. दोघांच्याही माना समाधानाने हलल्या.

मी मागून बघत होते. तुकडा निळसर राखी होता. सीट हिरवट राखी होती. फरक थोडाथोडका नव्हता. दुकानात साडी निवडणाऱ्या कुठल्याही बाईला दहा फुटांवरून दिसला असता. मला आणखी एक गोष्ट दिसली. काकाजी तुकड्यावर वाकले होते आणि बाजूने ऊन येत होतं, त्या उन्हात त्यांच्या बुबुळामागे तपकिरी झाक होती. पिकलेला मोतीबिंदू. बाबांच्या डोळ्यांतही तोच होता; हृदयाच्या दुखण्यामुळे आम्ही त्यांचं ऑपरेशन पुढे ढकलत आलो होतो. अशा डोळ्याला सगळं जग चहाच्या पाण्यातून दिसतं, आणि त्यातून निळा रंग सगळ्यात आधी जातो. दिवसाकाठी मी चाळीस माणसांचे डोळे तपासते. एकमेकांच्या चुकीवर एकमेकांची साक्ष काढणारे असे दोन मोतीबिंदू मी त्याआधी पाहिले नव्हते.

"कसा वाटते, ताई?" काकाजींनी विचारलं.

"छान झालंय," मी म्हणाले.

मी खोटं का बोलले, याची कारणं माझ्याकडे होती आणि ती वाईट नव्हती. सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी सगळं फाडलं असतं. त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही हे ठाऊक आहे. मग आणखी एक-दोन वर्षं, आणि बाबांकडे ती नव्हती. बाबा पुढे आठ महिने जगले. रोज संध्याकाळी खाली जाऊन त्या गाडीत मागे, डाव्या बाजूला बसायचे. दार उघडं ठेवून, वर्तमानपत्र घेऊन. वाचत नसत. मी कामावरून आले की सरकून मला जागा देत. ते आठ महिने मी कुणाच्याही सचोटीसाठी परत द्यायला तयार नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे.

पण बाबा गेल्यावर मी काकाजींना सांगू शकले असते. त्यांना डोळे तपासायला बोलवू शकले असते. रोज हजार अनोळखी लोकांना बोलवतो आम्ही. मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत त्यांनी आणखी सहा गाड्या केल्या.

ते आले तेव्हा स्वतःच्या पायांनी आले. वाकड्या सुईत दोरा ओवता येईना आणि ती सुई अंगठ्यातून आरपार गेली, म्हणून आले. नंबर काढून रांगेत बसले होते. मला बघून त्यांना फार आनंद झाला. "तुम्ही इथं असता का? साहेबांनी, तुमच्या बाबांनी, सांगतलं होतं डोळ्याचं काम करता म्हणून." मी त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवली. आत काय असणार ते मला माहीत होतं, तरी पूर्ण तपासणी केली. दोन्ही डोळ्यांत, बऱ्याच वर्षांचा. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, डाव्याचं महिन्याने.

पट्टी काढल्यानंतरच्या तपासणीला ते माझ्या खोलीत आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच थबकले. समोरच्या भिंतीकडे बघत होते. एक हात उजव्या डोळ्यावर ठेवला. काढला. डाव्यावर ठेवला. पुन्हा उजव्यावर. असं सात-आठ वेळा.

"ही भिंत कोन्या रंगाची आहे, ताई?"

"पांढरी."

"ह्या डोळ्यानं पांढरी आहे," नव्या डोळ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. मग तो झाकला. "अन् ह्या डोळ्यानं चहा सांडल्यावानी."

मी म्हणाले, होतं असं, बऱ्याच जणांना होतं, दुसरं ऑपरेशन झालं की फरक जातो. हे मी दिवसातून पाच वेळा म्हणते. बहुतेक लोक हसतात. एक आजी तर म्हणाल्या होत्या की माझी सगळी भांडी मी मळकी समजून उगाच घासत होते. काकाजी हसले नाहीत. ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीकडे बघत राहिले.

"तुमच्या गाडीचा रंग कसा दिसते, ताई?"

मी भिंगांची पेटी बंद केली. "थोडा हिरवट," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आधी दोन्ही डोळ्यांनी, मग नव्या एकट्याने. कधीपासून दिसतंय, हे त्यांनी विचारलं नाही. थेंबांची चिठ्ठी घेतली आणि गेले.

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला ते आले नाहीत. आमच्या डॉक्टरांनी दोनदा फोन करवला. तो सायकलच्या पिशवीत वाजला असणार. शेवटी मीच शेडवर गेले. शेड बंद. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, "काकाजी गाड्या पाहत फिरून राहिले."

पंधरा दिवसांनी भेटले तेव्हा मी विचारलं, "काकाजी, डाव्या डोळ्याचं काय? काहून आले नाही?"

"हा डोळा अजून लागते मले," ते म्हणाले. "याच डोळ्यानं चूक केली. काय पाहून केली ते याच्याशिवाय कसं समजन? आधी सगळ्या गाड्या पाहून घेतो. मग काढा."

ते खरोखर तसंच करत होते. प्रत्येक मालकाच्या घरी सायकलने जायचं, डब्यातला तुकडा सीटेवर ठेवायचा, आधी जुन्या डोळ्याने बघायचं, मग नव्याने. जुन्या डोळ्याने सगळं जुळत होतं. नव्याने आमच्यानंतरच्या सहांपैकी चार गाड्या चुकल्या होत्या. गडद लाल आणि काळी तेवढी वाचली. त्यांनी चारही जणांना सांगितलं की परत करून देतो. एकानेही हो म्हटलं नाही. धरमपेठेतल्या एका गृहस्थांनी तर हात जोडले. त्यांच्या गाडीचे फोटो लोकांना इतके आवडले होते की त्यांना आता दुसरा रंग नको होता. "आता हाच ओरिजनल समजा ना, काकाजी," ते म्हणाले. हे मला सांगताना काकाजींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "समजायचंच होतं तर तुकडा कायले कापला मी?"

मला त्यांच्याबद्दल तेव्हा फार वाईट वाटलं. आणि माझी स्वतःची लाज वाटली.

आमच्या गाडीकडे ते सगळ्यात शेवटी आले. मी तोवर शहराच्या टोकाला बेसा भागात फ्लॅट घेतला होता. गाडी खाली पार्किंगमध्ये कापडाखाली उभी असते. महालातून बेसापर्यंत सायकलने येऊन ते घामाघूम झाले होते, पण वर या, चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. कापड काढलं. दार उघडलं. तुकडा ठेवला. एक डोळा, दुसरा डोळा. यावेळी एकदाच.

"परत करा, काकाजी," मी म्हणाले. "मला हवंय. कितीही वेळ लागू द्या."

ते मागच्या सीटेवर हात फिरवत होते, डाव्या बाजूला. "साहेब इथं बसत होते?"

"रोज."

"समजून राहिलं." हात तिथेच थांबला. "मंग मी नाही उघडत. माझी चूक आहे, पण बैठक त्यायची आहे."

मी म्हणाले, मग काय करायचं? त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि दरवाज्याचं पॅड खोलायला सुरुवात केली. पॅड सुटलं, आतला उघडा पत्रा दिसायला लागला. मग खिशातून कोरा कागद आणि पेन काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"लिवा," ते म्हणाले. "मी आज ना उद्या जाईन. पन्नास वर्षांनी कोनी तरी ही पट्टी उचलन, खाली हा हिरवा पाहीन अन् म्हणन, हाच खरा. त्याले फसवायचं नाही आपल्याले. चार गाड्यायमंदी मी माझ्या हातानं लिहून ठेवलं. धरमपेठवाले खोलू देत नव्हते, त्यायले म्हणलं एक स्क्रू ढिला आहे. इथं तुम्ही लिवा."

मी बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागले. ते सावकाश सांगत होते. या गाडीचा हा रंग ओरिजनल नाही. ओरिजनल निळसर राखी आहे, तुकडा सोबत ठेवला आहे. करणाऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्याले समजलं नाही.

मी लिहिलं आणि पेनचं टोपण लावलं.

"अजून आहे," काकाजी म्हणाले. "लिवा. घरच्यायले दिसत होतं. सांगतलं नाही."

पार्किंगमध्ये कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. मी ती सुरू होईपर्यंत थांबले.

"हेही लिहायचं?"

"लिहा लागन ना," ते म्हणाले. रागावलेले नव्हते, रेग्झिन किती घ्यायचं ते सांगावं तसं सांगत होते. "पुढं येणारा कारागीर विचार करन, रोज पाहणारे लोक होते, मंग चाललं कसं? त्याले समजलं पाहिजे."

बाबांचं सगळं मला त्यांना सांगता आलं असतं. ते आठ महिने, वर्तमानपत्र, सरकून दिलेली जागा. कागदावर जागाही होती. मी टोपण काढलं आणि ते म्हणाले तसं लिहिलं, 'घरच्यांना दिसत होतं.' मग वाचून बघितलं. घरचे म्हणजे त्यात बाबाही आले, आणि बाबांना दिसत नव्हतं. मी 'घरच्यांना' खोडलं, वर 'मुलीला' लिहिलं, आणि पुढे, 'तिने सांगितलं नाही.'

काकाजींनी कागद हातात घेतला. डावा डोळा मिटला आणि नव्या डोळ्याने शेवटपर्यंत वाचलं. खोडलेला शब्द त्यांनी दोनदा पाहिला.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. कागद आणि तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी ती पत्र्याला चिकटवली, पॅड जागेवर दाबून धरलं आणि स्क्रू आवळायला मला सांगितलं.